किती चॅनेल हवेत?

रेडिओ कंट्रोलच्या विमानांच्या नादी लागलेल्या माणसाला मैदानावर पहिल्याच रविवारी ऐकवलं जातं, "विमान काय, आज आहे, उद्या नाही. रेडिओ राहतो. तो नीट बघून घे." बॅटरी भरून ठेवावी की अर्धी, इथपासून वारा नक्की कुठून येतोय इथपर्यंत एकाही बाबतीत ज्यांचं पटत नाही, ते सगळे या वाक्यावर माना डोलावतात. मग 'नीट' म्हणजे काय बघायचं, असं मी विचारलं आणि ती सकाळ वाया गेली.

माझं विमान तयार होतं. बायोफोम नावाच्या हलक्या फोमच्या शीट कापून, ग्लू गनने बोटं भाजून घेत केलेलं, पंख सव्वा मीटरचे. उजवा पंख जरा खाली वाटतो, पण तो उजेडामुळे. राहिला होता फक्त रेडिओ, म्हणजे दोन दांड्यांचा तो हातात धरायचा डबा.

आधी चॅनेल. माझ्या विमानाला चारच गोष्टी सांगाव्या लागतात: मोटरचा जोर किती, नाक वर की खाली, कुठल्या अंगावर कलायचं आणि शेपूट कुणीकडे वळवायची. चार कामं, चार चॅनेल. हिशोब जमला म्हणून मी खूश झालो. पण चार चॅनेलचा घे, असं एकाही माणसाने सांगितलं नाही. "सहा तरी घ्या, उद्या फ्लॅप लावावेसे वाटले तर?" "चाकं पोटात घ्यायची झाली तर?" माझ्या विमानाची चाकं मुलीच्या मोडक्या ट्रकची आहेत. ती पोटात घेतली तर बॅटरी हातात धरून पळावं लागेल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा तर थेट सोळावर गेला. त्याच्याकडे रेडिओमास्टरचा टीएक्स१६एस आहे, रंगीत टचस्क्रीनवाला.

"सोळांचं करायचं काय?"

"लागतात, काका."

यापुढे त्याने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याचा रेडिओ मात्र बोलतो. किती वेळ झाला, विमानातली बॅटरी कुठवर आली ते सांगतो, आणि दहा मिनिटं हात लावला नाही तर कुरकुर करतो. आत एजटीएक्स नावाची प्रणाली आहे, कुठलीही दांडी किंवा बटण कुठल्याही कामाला जोडून देणारी. हा मुलगा मैदानावर येतो आणि तासभर मेनूतच असतो. विमान गवतात पडलेलं असतं.

दुकानात वेगळाच प्रश्न आला. "कॉलेजचा प्रोजेक्ट की शेतातली फवारणी?" मी म्हटलं, छंद. दुकानदाराने माझे केस पाहिले, बूट पाहिले आणि सगळ्यात खालच्या फळीवरचा खोका काढला. "तुम्हाला हा पुरे." फ्लायस्कायचा आय६. सहा चॅनेल, चार पेन्सिल सेलवर चालणारा, सोबत रिसिव्हर, म्हणजे रेडिओचं ऐकायला विमानात बसवायची डबी. 'तुम्हाला' या शब्दावर त्याने दिलेला जोर मला आवडला नाही, पण किंमत आवडली.

रिसिव्हरचं एक त्रांगडं आहे, तेही इथेच सांगून टाकतो. प्रत्येक कंपनीची आपली बोली असते. एका कंपनीच्या रेडिओने हाक मारली तर दुसरीचा रिसिव्हर ढिम्म. रेडिओ घेतला की पुढच्या सगळ्या विमानांचे रिसिव्हर त्याच बोलीतले घेत बसा. मुलाच्या सोळा चॅनेलवाल्यात अनेक बोली येणारं मॉड्यूल आहे, आणि हे तो मला भेटला की दर वेळी सांगतो.

खोका हातात घेण्याआधी नानांना विचारणं भाग होतं. नाना आमच्या मैदानावरचे सर्वांत जुने. त्यांनी सुरुवात केली तेव्हा रेडिओत क्रिस्टल असायचे, रेडिओ कुठल्या लहरीवर बोलणार ते ठरवणारे. कोणाकरवी अमेरिकेतून आणवलेला ७२ मेगाहर्ट्झचा सेट, एरियल ओढून काढली की मीटरभराहून लांब. दोघांचे क्रिस्टल एकाच नंबरचे निघाले आणि दुसऱ्याने नुसता स्विच दाबला, की पहिल्याचं विमान थेट नांगरटीत. म्हणून क्लबांमध्ये एका फळीवर नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे लावलेले असत. आपल्या नंबरचा चिमटा घेतल्याशिवाय रेडिओला हात लावायचा नाही. आता सगळं २.४ गिगाहर्ट्झवर आलंय. बहुतेक रेडिओ या पट्ट्यात सतत जागा बदलत उड्या मारतात, त्यामुळे कोणी कोणाच्या आड येत नाही. (अशा उड्यांच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ साली हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीला आणि एका संगीतकाराला मिळालं होतं, शत्रूने टॉर्पेडो भरकटवू नये म्हणून. हे घरी सांगितलं तेव्हा या खरेदीत पहिल्यांदाच कोणीतरी रस दाखवला. तो नटीत.) नानांचं मत एवढंच, की चिमटे गेले आणि शिस्तही गेली.

"चॅनेल सोड," नाना म्हणाले. "मोड कुठला घेतोयस?"

मोड २ मध्ये मोटरचा जोर डाव्या दांडीवर असतो आणि नाक वर-खाली करायचं उजव्या. मोड १ मध्ये याच्या बरोबर उलट. नाना जपानी रेडिओवर मोड १ शिकले, जपानात त्याचंच चलन. आमच्या मैदानावरचे बाकी सगळे मोड २. मी म्हटलं, काय फरक पडतो, मी तर अजून काहीच शिकलेलो नाही.

"शिकताना विमान हाताबाहेर जाणारच. त्या वेळी रेडिओ कोणाच्या हातात देणार?"

चॅनेल, बोली, टचस्क्रीन सगळं बाजूला राहिलं. म्हणजे मी रेडिओ निवडत नव्हतो, मला कोणी वाचवायचं ते निवडत होतो. एकीकडे नाना. रविवारी सहाला, वारा सुटायच्या आत हजर. त्यांच्या हातातलं विमान चाकांवरच उतरतं. पण त्यांनी एखाद्याचं विमान वाचवलं की त्याला पुढचा तासभर क्रिस्टल, चिमटे आणि शिस्त ऐकावी लागते. दुसरीकडे हा मुलगा. हात सफाईदार, उपदेश शून्य, फक्त उठतो साडेदहाला. तोवर वारा सुटलेला असतो आणि माझं विमान बायोफोमचं आहे.

"सेटिंगमध्ये मोड बदलता येतो की," मुलगा म्हणाला. येतो. पण जोराच्या दांडीला मध्यावर आणणारी स्प्रिंग नसते, सोडाल तिथे ती राहते. मोड पुरता बदलायचा तर मागचे स्क्रू काढून या दांडीची स्प्रिंग त्या दांडीला लावावी लागते.

"विमान उलटं झालेलं असताना पेचकस काढणार का?" नानांनी विचारलं.

शेवटी मी मोड २ चा आय६ घेतला, कारण दुकानात मोड २ च होता. नानांनी खोका उलटसुलट करून पाहिला. "चांगलाय. मी शेजारी उभा राहीन," ते म्हणाले. "बघत."

त्यांचं ते 'बघत' मला आठवडाभर पुरलं. मग मुलानेच तोड काढली: ट्रेनर केबल. दोन रेडिओ तारेने जोडायचे, एक गुरूचा, एक शिष्याचा. गुरूने स्विच दाबून धरला की विमान शिष्याच्या ताब्यात, सोडला की परत गुरूकडे. आणि दोघांचे मोड वेगळे असले तरी काही अडत नाही. आय६ च्या पाठीला चार पिनांचं गोल सॉकेट, नानांच्या रेडिओला चौकोनी, तशी केबल बाजारात मिळेना. त्याने शनिवारी रात्रभर जागून डाग देऊन ती बनवली आणि न झोपताच सहाला मैदानावर आला. त्याला सकाळी सहाला पाहून नाना दचकले.

यात एक बारीकशी अट होती. विमानाशी बोलणार गुरूचा रेडिओ, तेव्हा विमानात रिसिव्हरही नानांच्या कंपनीचा हवा. तो एकटाच माझ्या अख्ख्या रेडिओच्या किमतीचा निघाला. माझा रिसिव्हर पिशवीतून बाहेरच आला नाही.

विमान उडालं. नानांनी ते वर नेलं, सरळ केलं आणि "घे" म्हणाले. मी घेतलं. उजवा पंख खाली गेला. "दे," नाना म्हणाले, म्हणजे त्यांनी ते आधीच घेतलं होतं. पुन्हा घे, पुन्हा दे. ही मोबाइलवर शूटिंग करत होती. करता करता तिचं लक्ष माझ्या रेडिओतून निघून नानांच्या रेडिओत गेलेल्या तारेकडे गेलं.

"हे बिनतारी असतं ना?"

"आहे," मी म्हणालो. "नानांचं."