३०२ च्या वहिनी

शिवजयंती होऊन तीन आठवडे झाले तरी आमच्या गेटवरचा फ्लेक्स उतरलेला नाही. रोज दूध आणायला जाताना तो दिसतो. दहा फूट बाय सहा फूट, त्यावर छत्रपती घराण्याची वंशावळ, आणि उजव्या कोपऱ्यात अगदी तळाशी, फ्लेक्सवाल्याच्या मोबाईल नंबरच्याही खाली, एक ओळ : 'विशेष सहकार्य – ३०२ च्या वहिनी'.

त्या वहिनी म्हणजे मी.

तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना त्यांचा त्यांचा किताब नीट मिळावा म्हणून मी महिनाभर डोळे फोडले, आणि मला मिळाला फ्लॅट नंबर. तोही असला, की पूर्वी खुनाच्या कलमाला असायचा.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुमचं वाचन आहे." फुकट राबायला माणूस हवा असला की हे एवढं वाक्य पुरतं. मी पाघळले.

फ्लेक्सच्या दुकानात जो मुलगा कॉम्प्युटरवर बसतो तो असेल बावीस-तेवीसचा. मी पाऊल टाकताच म्हणाला, "या काकू." मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. ताई म्हणायला हरकत नव्हती, मॅडमही चाललं असतं. पण काम आपलं होतं, म्हणून काकू पदरात घेऊन बसले. माझा कागद आदल्या दिवशीच त्याच्याकडे दिलेला होता.

"काकू, संभाजी महाराज तीन वेळा आलेत. कॉपी-पेस्ट झालं असणार. मी दोन उडवले."

"कोणते दोन?" माझा आवाज बहुधा रस्त्यापर्यंत गेला.

"वरचे आणि खालचे. मधले ठेवलेत. मधले आपले."

मी त्याला समजावलं. वरचे म्हणजे शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ, कनकगिरीला पडले ते. मधले आपले, बरोबर. खालचे कोल्हापूरचे, राजाराम महाराज आणि राजसबाईंचे चिरंजीव. तिन्ही खरे, तिन्ही ठेवायचे.

"मग शिवाजी महाराजही दोनदा आलेत, त्यांचंही असंच का?"

"हो. दुसरे ताराबाईंचे चिरंजीव. आणि खरं सांगायचं तर साताऱ्याच्या शाहू महाराजांचं, म्हणजे मधल्या संभाजी महाराजांच्या चिरंजीवांचं, जन्मनावही शिवाजीच."

त्याने माऊस सोडला. "एवढं मोठं राज्य आणि नावं चारच?"

खोटं कशाला बोलू, महिनाभर मलाही हेच वाटत होतं. शिवाजी, संभाजी, शाहू, राजाराम. गादी साताऱ्याची असो की कोल्हापूरची, पत्ते तेच, फक्त पुन्हा पिसायचे. तंजावरच्या शाखेत निदान सरफोजी आणि तुकोजी भेटतात, जरा हवापालट होतो. मी म्हटलं, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. तो म्हणाला, "माझे आजोबा दगडू. बरं झालं, आमच्याकडे रीत नाही."

मग आला शिर्क्यांचा प्रश्न. महाराजांची मुलगी राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजीला दिली आणि गणोजींची बहीण येसूबाई संभाजी महाराजांना केली. कागदावर मी दोन बाण काढले होते, एक जाणारा, एक येणारा. त्याने ते स्क्रीनवर काढून पाहिले तर फुली झाली.

"काकू, हे चुकलंय. रेष फिरून परत घरातच येतेय."

"चुकलेलं नाही. साटंलोटं आहे."

त्याचा चेहरा एकदम उजळला. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "मग असं सांगा की! आमच्यात झालंय. माझी बहीण ज्याला दिली, त्याचीच बहीण मला केली. म्हणजे तो माझा दाजी पण आणि मेहुणा पण." आणि पुढची वीस मिनिटं संपूर्ण मराठेशाही मिनिमाइझ करून त्याने मला स्वतःची व्यथा ऐकवली. दाजी म्हणून तो रुसतो, तेव्हा ह्याने मान द्यायचा. मेहुणा म्हणून त्याने ह्याचं ऐकायला हवं, तर तेव्हा त्याला आपण दाजी असल्याची आठवण येते. दिवाळीला कपडे कोणी कोणाला करायचे, यावर गेल्या वर्षी दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. इकडे बायको रुसून माहेरी गेली की तिकडून बहीण बॅग घेऊन दारात. "एक भांडण झालं की दोन संसार बंद पडतात, काकू. एका फ्यूजवर दोन घरं."

इतकी पुस्तकं चाळली, पण शिर्के-भोसले सोयरिकीचा एवढा नेमका उलगडा मला कुठे सापडला नव्हता. मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ कुठल्याशा 'भावी नगरसेवकां'च्या वाढदिवसाचा फोटो घेऊन ताटकळले होते. ते म्हणाले, "दाजीला खुर्ची द्यायची, मेहुण्याला सतरंजी." हे दोघे एकच आहेत, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

सोयराबाई आणि ताराबाई मात्र त्याला लगेच समजल्या. ताराबाई हंबीरराव मोहित्यांची मुलगी, सोयराबाई हंबीररावांची बहीण, आणि ताराबाईंचं लग्न झालं सोयराबाईंचे चिरंजीव राजाराम महाराजांशी. "म्हणजे आत्याघरी भाची सून," तो म्हणाला आणि बाण ठोकला. हंबीररावांपाशी मात्र परत अडला. हंबीरराव हे नावच नव्हे, किताब आहे, मूळ नाव हंसाजी. प्रतापराव गुजरांचंही तेच, ते मूळचे कुडतोजी. असं मी सांगितलं तेव्हा त्याने फार व्यवहारी प्रश्न विचारला. "मग आधार कार्डावर काय?"

हसले खरी, पण प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे किताब माणसाला गिळतो. हंसाजी कोणाला आठवतो? पंतसचिव, पंतप्रतिनिधी, पंतअमात्य ही दरबारातली पदं, ती पुढे भोर, औंध आणि बावड्याच्या घराण्यांची ओळखच होऊन बसली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची फारसी नावं जाऊन संस्कृत आली, सुरनीसाचा सचिव झाला, डबीराचा सुमंत झाला, ही माहिती मी कमिटीला उत्साहाने दिली आणि तिथेच माझं चुकलं. आपण अष्टप्रधानांपैकी आहोत, असं आमच्या सेक्रेटरींना त्या दिवशी कळलं. तेव्हापासून प्रत्येक सूचनेखाली 'सचिव' हा शब्द ठळक टायपात असतो. पंतसचिवांकडे भोर संस्थान होतं. आमच्यांकडे टँकरचं वेळापत्रक आणि पार्किंगचे स्टिकर आहेत. वास्तविक १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले, आणि सरकारदरबारी त्यांच्या पदव्यांची मान्यताही गेली. फ्लेक्सवाल्यांना ती दुरुस्ती अजून कोणी कळवलेली नाही.

खरी कसोटी रामराजांची होती.

"काकू, हे ताराबाईंचे नातू आहेत की नाहीत, ते फायनल सांगा. मी रेष दोनदा काढली, दोनदा पुसली."

"१७४९ साली आहेत. १७५० साली नाहीत."

"असं कसं?"

असंच. शाहू महाराजांना मुलगा नव्हता, तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू आहे, लपवून वाढवलाय. शाहू महाराज गेले, रामराजे गादीवर बसले, पण आजीचं ऐकेनात. आजीने त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि जाहीर केलं, हा माझा नातूच नव्हे. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. बरं, हा डाव त्यांचा पहिलाच नव्हता. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सतरा-अठरा वर्षांनी सुटून आले, तेव्हाही ताराबाई म्हणाल्या होत्या, हा तोतया आहे, आणि पुतण्यावर फौज धाडली होती. शाहू महाराजांच्या त्या काकू.

'काकू' म्हणताना मी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. पेशव्यांच्या घरात १७७३ साली 'काका, मला वाचवा' म्हणणाऱ्या नारायणरावाचं काय झालं ते सर्वांना पाठ आहे. काकूंचीही अशी एक बाजू आहे, हे पोरांनी लक्षात ठेवावं.

"डॉटेड टाकतो," तो म्हणाला. "भांडण मिटलं तर सलग करता येईल."

दत्तकांना त्याने निळा रंग दिला. साताऱ्याला रामराजांनी दत्तक घेतलेले धाकटे शाहू निळे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू, मूळचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक आले, तेही निळे. पाहता पाहता खालचा भाग इतका निळा झाला की त्याला वाटलं शाई सांडली. १८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचं दत्तक नाकारून राज्य घशात घातलं. त्या जागी काय दाखवायचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नको. तिथे रिकामी जागा ठेव.

रिकाम्या जागेवर कमिटीची नजर गेली नसती तरच नवल. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन. "वहिनी, शुभेच्छुकांचे अकरा फोटो बसत नाहीयेत. राण्यांची नावं काढू या का? मेन मेन लोक ठेवू."

मी शिवाजी महाराजांच्या आठही राण्या माहेरच्या घराण्यांसकट लिहिल्या होत्या. निंबाळकर, मोहिते, सगळं तपासून. बायका काढल्या तर ही वंशावळ म्हणजे नुसती बापलेकांची हजेरी उरते. निंबाळकर कुठून आले, मोहिते कुठून, शिर्क्यांनी फौजफाट्यासह भोसल्यांच्या घरात यायचं कशासाठी, काहीच कळत नाही. हे मी फोनवर सांगितलं. समजुतीने सांगितलं, मग जरा आवाज चढवून सांगितलं. ते "हो हो, बरोबर आहे वहिनी" म्हणाले.

फ्लेक्स लागला तेव्हा जिजाबाई होत्या, येसूबाई होत्या, ताराबाई होत्या. बाकीच्या राण्यांच्या जागी 'पत्नी' असं एकवचनी लिहिलं होतं. त्या मुलाचा आवडता फुलीचा बाण तर सरळ गायबच, कारण तिथे एका शुभेच्छुकाचा गॉगल घातलेला फोटो आला होता. फोटोंखाली अकराच्या अकरा जणांना 'मा. श्री.' होतं. एकाच्या पुढे 'दादा' आणि मागे 'साहेब', दोन्ही. आणि मग ती ओळ.

घरी नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "बरोबर तर आहे. आपण ३०२ मध्येच राहतो." अकरा वर्षं राहतोय. मीटर त्याच्या नावावर, मेंटेनन्सची पावती त्याच्या नावावर, दारावरच्या पाटीवर आडनाव. माझं नाव या इमारतीत फक्त कुरिअरवाल्याला माहीत आहे.

तरी मी दुकानात गेलेच. मुलाने न सांगता सेक्रेटरींचा मेसेज उघडून दाखवला. "मी नाव विचारलेलं, काकू. ते म्हणाले, सगळे वहिनीच म्हणतात." मग स्वतःहून त्याने एक पांढरी पट्टी छापून दिली, माझं नाव, पूर्ण, आडनावासकट. पैसे घेतले नाहीत. "मागे काय लावू? ताई?" म्हणाला. मी म्हटलं, काही लावू नकोस.

दुपारी कोणी नसताना स्टुलावर चढून मी ती पट्टी 'च्या वहिनी'वर चिकटवली. चार दिवस झकास दिसली. मग ऊन लागलं, कडा सुटल्या, आणि परवाच्या वाऱ्यात ती खालच्या शाईसकट निघून गेली. आता तिथे 'विशेष सहकार्य – ३०२' एवढंच उरलंय. तळमजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात. ते येता-जाता तिथे थांबतात, ओळ वाचतात, आणि मी दूध घेऊन आत येत असले तर माझ्याकडे बघतात.