प्रतिवादी फौजेत आहे, हे शोधायचं कुणी?

आज वाटपाच्या दाव्यातल्या एका एकतर्फा हुकूमनाम्याची नक्कल वाचली आणि डोकं सणकलं. प्रतिवादी हवालदार, नेमणूक लडाखात. वादी सख्खा चुलतभाऊ. आणि वादपत्रात प्रतिवादीचा धंदा काय लिहिलाय? शेती! भाऊ फौजेत आहे हे भावाला माहीत नाही?

पुढचं ठरल्यासारखंच. बेलिफ गावात गेला, घराला कुलूप, समन्स दाराला चिकटवलं, पंचांच्या सह्या घेतल्या. बजावणी झाली, प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फा. खरं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५, नियम २८ स्पष्ट आहे: सैनिकाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं. पण प्रतिवादी सैनिक आहे हे कोर्टाला आधी कळायला तर हवं!

इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ आजही लागू आहे. समोरचा सैनिक विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत नोकरीवर आहे असं वादीला वाटत असेल, तर कलम ४ प्रमाणे त्याने ते वादपत्रात लिहायचंच आहे. कोर्टात यायला सुटी देता येत नाही असं विहित अधिकाऱ्याचं, म्हणजे या कायद्याखालच्या नियमांनी ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याचं, मत असेल, तर तीही विशेष परिस्थितीच. पण वादीने लपवलं तर? या कायद्यात त्याला दंडाचं एक कलम नाही. धंदा शेती लिहा आणि मोकळे व्हा.

कोर्टाला कळलं तर कलम ६ खाली कामकाज थांबतं, विहित अधिकाऱ्याला नोटीस जाते, प्रमाणपत्र आलं की तहकुबी. नाही आलं तर, सैनिक कोर्टाच्याच जिल्ह्यातला असेल तर दोन महिने, नाहीतर तीन, आणि मग कोर्ट पुढे जाऊ शकतं. दरम्यान युनिट हललं असेल तर नोटीस जुन्या पत्त्यावर फिरत बसते.

सगळ्यात जास्त चीड येते ती कलम ५ ची. आपल्या जिल्ह्यातला सैनिक चालू प्रकरणात हजर राहू शकत नाही असं वाटलं, तर जिल्हाधिकारी स्वतःहून कोर्टाला तसं प्रमाणित करू शकतो. जिल्हा सैनिक मंडळाचा अध्यक्षही तोच. पण त्याला हे कळणार कुठून? कोर्टाने यादी पाठवायची नाही, त्याने मागवायची नाही, चौकशीची पद्धतच नाही. पंधरा ऑगस्टला वीरमातांना शाल द्यायला मात्र सगळे हजर.

अमेरिकेत प्रतिवादी लष्करात आहे की नाही याचं शपथपत्र दिल्याशिवाय एकतर्फा निकाल मागता येत नाही. त्यासाठी संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट तपासणी होते. २०१० पासून तिथल्या ॲटर्नी जनरलला सैनिकांच्या वतीने थेट खटला भरता येतो. २०१५ मध्ये गाड्यांसाठी कर्ज देणाऱ्या सॅंटांडर कन्झ्युमर कंपनीने कोर्टाच्या आदेशाशिवाय सैनिकांच्या गाड्या ओढून नेल्याबद्दल ९३ लाख ५० हजार डॉलर मोजायचं मान्य केलं. तिथेही सगळं आलबेल नाही म्हणा. २०१० च्या दुरुस्तीने खटला भरायचा हक्क दिला, पण त्याआधी कंपनीकडून सक्तीने कागद मागवायचा अधिकार दिला नाही.

आपल्याकडे अशी उघडी यादी नको, सुरक्षेचा प्रश्न आहे, कबूल. मग कोर्टानेच सैनिकांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारावं. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक प्रतिवादीच्या नोकरीबद्दल वादीचं शपथपत्र घ्या, खोटं निघालं तर कारवाई करा. काही घरं फौजी भावाचं नाव पुढे करून तारखा लांबवतात, तेही खरं. त्यासाठीच कोर्ट विहित अधिकाऱ्याला विचारतं ना.

फौजेत कुणी असेल त्यांनी एवढं करून ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २८ खाली वडिलांना किंवा बायकोला दावा चालवायचा लेखी अधिकार द्या, कमांडिंग ऑफिसरसमोर सही करा आणि तो कोर्टात दाखल करा. कोर्टासाठी सुटी मिळाली तर तिचं प्रमाणपत्र हजर करा. आर्मी ॲक्टच्या कलम ३२ प्रमाणे कोर्टाने शक्यतो त्या सुटीतच सुनावणी संपवायची असते. आणि एकतर्फा निकाल झालाच असेल तर १९२५ च्या कायद्याच्या कलम १० खाली तो रद्द करून मागता येतो. कळल्याबरोबर हालचाल करा, कारण संहितेखालच्या नेहमीच्या अर्जाला ३० दिवसच असतात.

हवालदाराने तो अर्ज अजून केलेला नाही. सुटी नाही. हुकूमनामा मात्र संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जमिनीचं प्रत्यक्ष वाटप करायला रवाना झालाय, जिल्हाधिकाऱ्यांकडे.