सुगरणीची घरटी दिसली म्हणून फिन्स बाया वाचला असे होत नाही

पावसाळा लागला की विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या छायाचित्रासह एक मजकूर फिरू लागतो. फिन्स बाया हा पक्षी म्हणजे आपली सुगरणच, तिची घरटी गावोगावी लटकतात, दाणे टिपणाऱ्या पाखराला अन्नाची वाण नसते आणि संख्या घटलीच तर पिंजऱ्यात वाढवून सोडता येतील, असे त्यात म्हटलेले असते.

पहिलेच विधान चुकीचे आहे. भारतात विणकर म्हणजे घरटी विणणाऱ्या पक्ष्यांच्या चार प्रजाती आढळतात आणि फिन्स बाया त्यांतील एक स्वतंत्र प्रजाती आहे. नैनितालजवळच्या कालाढुंगी येथे १८६६ मध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी तिचे वर्णन १८६९ मध्ये केले. सुगरण आणि फिन्स बाया या दोन्ही पक्ष्यांचा अभ्यास केला तो सालिम अलींनी. आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीचे निरीक्षण केले, नर अर्धे घरटे विणून थांबतो आणि मादीने ते पसंत केले तरच पुरे करतो, हे तिथेच टिपले. पुढे कुमाऊँच्या तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या दलदलीच्या पट्ट्यात, फिन्स बाया त्यांनाच पुन्हा सापडला. छायाचित्रातली लांब नळीची घरटी सुगरणीची असतात. फिन्स बायाचा नर डोक्यापासून पोटापर्यंत झळझळीत पिवळा, चोच अधिक जाड, आणि त्याची गोलसर घरटी उंच सावरीच्या शेंड्याकडे, भोवतालची पाने ओरबाडून काढलेल्या फांद्यांवर, नाहीतर दलदलीतल्या उंच गवतात असतात. थोडक्यात, पुरावा म्हणून जे चित्र दाखवले जाते त्यात हा पक्षीच नाही.

गावोगावी तो नाहीच. उत्तर भारताची तराई, आसाम आणि नेपाळमधील शुक्लाफांटा राष्ट्रीय उद्यान एवढाच त्याचा तुटक प्रदेश आहे.

अन्नाचा मुद्दा वरवर पटतो, पण खरी उणीव दाण्यांची नसून जागेची आहे. स्वातंत्र्यानंतर तराईत वसाहती झाल्या, दलदली उपसून भात आणि ऊस आला, उरलेल्या गवताळ पट्ट्यांत बेसुमार चराई आणि गवतकापणी होते. पिल्लांना किडे लागतात, विणायला ताजे हिरवे पाते लागते. शेताच्या बांधावर या दोन्ही गोष्टी पुरेशा मिळत नाहीत. २०२१ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत या पक्ष्याची नोंद ‘असुरक्षित’ वरून ‘संकटग्रस्त’ अशी झाली ती यामुळेच.

बंदिस्त प्रजननाला माझा विरोध नाही. संख्या इतकी खालावली असताना तो उपाय हाती असायलाच हवा. मात्र वाढवलेले पक्षी सोडायचे कुठे? वस्ती वाढली तसे कावळे वाढले आणि ते उघड्या शेंड्यांवरच्या घरट्यांतून अंडी-पिल्ले पळवतात. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी असूनही पारध्यांची जाळी लागतातच. म्हणून आधी हे पक्षी ज्यांवर एकत्र घरटी करतात ती सावरीची झाडे राखली जावीत, आणि मे ते सप्टेंबर या विणीच्या काळात त्यांच्याखालच्या गवताला विळा व गुरे लागू देऊ नयेत.