ओहोटीत भोक, भरतीत बोट : बो थ्रस्टरविषयीच्या एका निरोपाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात भावोजींनी मला व्हॉट्सॲपवर एक निरोप पुढे पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, ‘अमावास्येच्या ओहोटीला करून घेतो, तू ये.’ त्यांनी एका मित्राबरोबर भागीत घेतलेली, बारा मीटर लांबीची, एकाच डिझेल इंजिनाची जुनी मोटर यॉट मुंबईत गेटवेसमोरच्या पाण्यात बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते आणि शनिवार-रविवारी मांडव्यापर्यंत जाऊन येते. तोच निरोप त्याआधी मला आणखी तिघांकडून आला होता, आणि तेव्हा मी तो वाचून सोडून दिला होता. बोटींची तपासणी करण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाने असे सोडून द्यायला नको होते, हे घरातलेच माणूस करवत घेऊन निघाल्यावर कळले.

निरोपातले दावे थोडक्यात असे आहेत. बो थ्रस्टर, म्हणजे नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) जलरेषेखाली आडवी नळी बसवून तिच्यात फिरणारा आणि नाळेला बाजूला ढकलणारा विजेचा पंखा, कोणत्याही जुन्या बोटीला बसतो. त्यासाठी बोट यार्डात वर काढण्याची गरज नाही. उधाणाच्या ओहोटीला ती वाळूवर टेकवून, भोके पाडून, नळी रेझिनने चिकटवून पुढच्या भरतीला तरंगवता येते. इंजिनाचीच बॅटरी आणि तिथून ओढलेली ३५ चौरस मिलिमीटरची तार पुरते. एकदा थ्रस्टर बसला की वारा कितीही असो, बोट जेट्टीला अलगद लागते. वेग कमी होत नाही आणि देखभाल लागत नाही.

ओहोटीचा मुद्दा सर्वांत घातक आहे आणि त्याला खरेपणाचा थोडा वास आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलतो. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात बोटीचा तळ खरवडणे, रंगाचा हात देणे, पंखा बदलणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, हे मला मान्य आहे. पण तळ खरवडणे आणि तळाला आरपार भोक पाडणे यांत, दाढी करणे आणि गळ्यावर शस्त्रक्रिया करणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढे अंतर आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण मध्यरात्री आणि दुपारी येते, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास तळाला जाते. म्हणजे रात्रीच्या भरतीला किनाऱ्यावर चढवलेल्या बोटीची नाळ पूर्ण उघडी पडून जेमतेम चार-पाच तास मिळणार, आणि त्यातला बराच वेळ अंधाराचा असणार. शिवाय व्ही आकाराच्या तळाची मोटर यॉट वाळूवर सरळ उभी राहत नाही, ती एका कुशीवर कलते. नळी मात्र दोन्ही कुशींतून आरपार जायची असते. खालच्या कुशीचे भोक चिखलात दाबले गेले असताना तिथे बाहेरून फायबर कोण आणि कसे चढवणार, याचे उत्तर निरोप लिहिणाऱ्याने दिलेले नाही. बहुधा त्याने बोट कललेली कधी पाहिलेलीच नसावी.

नळी ‘चिकटवणे’ हा शब्दसुद्धा फसवा आहे. जुन्या, पूर्ण कडक झालेल्या फायबरवर नवीन थर रासायनिक रीतीने एकजीव होत नाही. तो खरबरीत केलेल्या पृष्ठभागाला धरून राहतो. त्यामुळे भोकाभोवतीचा रंग आणि जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, काढून मूळ थर उतरता घासावा लागतो, आणि ही उतरण साधारण एकास बारा या प्रमाणात असावी लागते. म्हणजे तळाची जाडी १० मिलिमीटर असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी १२० मिलिमीटरपर्यंत घासायचे, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचे, पूर्ण वाळवायचे, मग आतून आणि बाहेरून काचतंतूंच्या मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक चढवायचे आणि ते पाण्यात घालण्यापूर्वी पुरते कडक होऊ द्यायचे. तळात दोन फायबरांच्या मध्ये लाकडाचा किंवा फोमचा गाभा असेल, तर तो भोकाच्या कडेने खरवडून ती जागा रेझिनने बंद करावी लागते, नाहीतर पाणी तिथून आत झिरपत राहते. छपराखाली, कोरड्या हवेत, सवड ठेवून करण्याचे हे काम आहे. ओल्या वाळूवर, खारट वाऱ्यात, पाणी किती वर आले ते पाहत उरकण्याचे नव्हे.

आणि ते फसले तर काय होते, याचा हिशोब शाळेतल्या पदार्थविज्ञानावर होतो. नळीचा व्यास १८५ मिलिमीटर धरा आणि ती पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर आहे असे धरा. तेवढ्या एका भोकातून सेकंदाला सुमारे ३९ लिटर, म्हणजे मिनिटाला २,३०० लिटरहून अधिक पाणी आत येते. भोके दोन असतात. बोटीच्या तळातला पंप तासाला ७,५०० लिटर फेकणारा असला, तरी तो मिनिटाला १२५ लिटरच बाहेर टाकतो. सांधा एकदम उखडण्याऐवजी अर्धवट सुटला तरी पंप हरतो, आणि म्हणूनच थ्रस्टरची जागा शक्यतो स्वतंत्र, जलरोधक कप्प्यात असावी असे सांगितले जाते. भावोजींच्या बोटीत त्या जागेवर त्यांची नात झोपते.

‘कोणत्याही बोटीला बसतो’ या दाव्यासाठी व्हेटस या डच कंपनीचे बसवणीचे पुस्तक उघडून पाहावे. माझा बहुतेक युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे, आणि ते कोणालाही वाचायला मिळते. नळीचा माथा जलरेषेखाली निदान नळीच्या अर्ध्या व्यासाइतका असला पाहिजे, अशी त्यात अट आहे, कारण त्याहून उथळ बसवलेला पंखा वरची हवा ओढून घेतो आणि पाण्याऐवजी फेस ढकलतो. १८५ मिलिमीटरच्या नळीसाठी याचा अर्थ असा की जलरेषेपासून नळीच्या बुडापर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर खोली हवी आणि त्याखालीही तळ उरला पाहिजे. दुसरीकडे नळी जितकी पुढे, तितका तरफेचा हात लांब आणि परिणाम मोठा. वेगाने धावणाऱ्या मोटर यॉटची नाळ मात्र पुढे उथळच असते, त्यामुळे या दोन अटींत ओढाताण होते आणि नळी मागे सरकवावी लागते. ही जागा बोट पाण्यात तिच्या नेहमीच्या वजनानिशी तरंगत असताना मोजायची असते. वाळूवर टेकलेल्या बोटीला जलरेषा नसते.

बॅटरीच्या मुद्द्यावर मला खरोखर राग आला, कारण यातून आग लागते. बारा मीटरच्या बोटीला शोभणारा थ्रस्टर साधारण ४.४ किलोवॅट खेचतो. बारा व्होल्टची बॅटरी ओढीखाली १०.५ व्होल्टवर येते, म्हणजे प्रवाह ४०० अँपिअरच्या वर जातो. इंजिनघरापासून नाळेपर्यंत जाऊन-येऊन २० मीटर तांब्याची तार धरली आणि ती निरोपात म्हटल्याप्रमाणे ३५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर तारेतच ४ व्होल्ट गळतात. उरलेल्या साडेसहा व्होल्टवर थ्रस्टर कण्हतो, आणि तारेत दीड किलोवॅटच्या आसपास उष्णता निघते, म्हणजे गाद्यांखालून पाणी तापवायचा हीटर ओढल्यासारखे झाले. योग्य मार्ग म्हणजे थ्रस्टरजवळच वेगळी बॅटरी, तिला आखूड आणि जाड तार, बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज आणि हाताला येणारा मुख्य स्विच. शिवाय या मोटरींत बहुधा कार्बन ब्रश असतात आणि त्यांच्या ठिणग्या उडतात. पेट्रोलच्या बोटीत आयएसओ ८८४६ या मानकाप्रमाणे स्फोटक वाफेपासून सुरक्षित असलेलीच मोटर लागते. ‘आमची तर डिझेलची आहे’ असे म्हणणाऱ्यांनी लहान होडीच्या इंजिनाचा पेट्रोलचा कॅन आपण कुठे ठेवतो, ते एकदा आठवून पाहावे. तो बहुतेक वेळा नाळेतल्या कप्प्यातच असतो.

वाऱ्याविषयी थोडेच सांगतो. बारा मीटर लांब आणि सरासरी दोन मीटर उंच कुशीवर २० नॉटचा (ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा) आडवा वारा सुमारे ११० किलोंचा दाब देतो. त्यातला निम्मा, म्हणजे ५५ किलोंच्या आसपास, नाळेवर पेलावा लागतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ३० नॉटला तोच आकडा सव्वाशेच्या घरात जातो. ८० किलोंचा जोर देणारा थ्रस्टर पहिल्या वाऱ्याला पुरून उरतो आणि दुसऱ्यापुढे हात टेकतो. त्यातच विजेच्या मोटरी सलग दोन-तीन मिनिटांच्या वापरासाठी आखलेल्या असतात, मग उष्णतेने स्वतःहून बंद पडतात, आणि बोट दोन-तीन नॉटच्या पुढे गेली की नळीतल्या पंख्याचा परिणाम झपाट्याने घटतो. सुकाणू निकामी झाले तर थ्रस्टरने घरी येऊ, असेही निरोपाच्या शेवटी लिहिले आहे. यावर वेळ घालवत नाही.

वेग कमी होत नाही हे अर्धे खरे आहे, आणि नाइलाजाने मान्य करतो. नळीची तोंडे गोलाकार केली आणि मागची कड नीट उतरती केली, तर फरक नगण्य राहतो. तशीच धारदार सोडली तर पाणी तिच्यावर आपटते आणि इंजिनाला ते जाणवते. देखभाल नाही हे मात्र साफ खोटे. मुंबईच्या कोमट पाण्यात बोयाला उभ्या असलेल्या बोटीच्या नळीत कालवांसारखे कवचवाले जीव घर करतात, पंखा जड होतो, आणि बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावलेला जस्ताचा बळीचा तुकडा संपला की गंज थ्रस्टरच्या पायालाच खायला लागतो. त्या तुकड्यावर रंग मारून त्याला निकामी करणारे महाभागही मी पाहिले आहेत.

थ्रस्टर नकोच, असे माझे म्हणणे नाही. एकाच इंजिनाची, उंच कुशीची बोट आडव्या वाऱ्यात जेट्टीला लावताना तांडेलाला घाम फुटतो, आणि त्या क्षणी नाळेला मिळालेला एक धक्का सोन्याच्या मोलाचा असतो. मात्र बोट बोयाला बांधणाऱ्याला तो क्षण वर्षातून किती वेळा येतो, हे भावोजींनी स्वतःच मोजावे, असे मी त्यांना म्हटले. बोट मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यासाठी वर येणारच आहे. छप्पर मिळाले तर काम तेव्हा होईल, आणि त्याआधी विमा कंपनीला तळातल्या बदलाची लेखी कल्पना द्यावी लागेल.

अमावास्येचा बेत रहित झाला. रविवारी आम्ही पट्टी घेऊन बोटीवर गेलो, बाहेरून जलरेषा आखली आणि आतून २८ सेंटिमीटरची खोली कुठे मिळते ते शोधले. ती नातीच्या पलंगाखाली मिळाली, जिथे सध्या गोड्या पाण्याची टाकी आहे. टाकी कुठे हलवायची, यावर आता ताई आणि भावोजी यांच्यात बोलणी चालू आहेत.