वीस पॉइंट सहाची हाफ

हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. आयोजकांनो, बॅनरवर 21 लिहा, टी-शर्टवर 21.1 छापा, मेडलवर किल्ल्याचं चित्र काढा, आमची काही हरकत नाही. पण रस्त्यावर ती 20.6 भरते आणि तरी सर्टिफिकेटावर सेकंदापर्यंतचा टाइम छापून देता, तेव्हा डोकं फिरतं. त्या सेकंदांना आता अर्थ काय? दूध मापाला कमी आलं तर गवळ्याला दारातच फैलावर घेणारी माणसं आपण. इथं हजार-बाराशे रुपये मोजून पाचशे मीटर कमी घेतो आणि मेडल दातात धरून फोटो काढतो.

पळणारा पैसे कशाचे देतो? टी-शर्टांचा घरात ढीग पडलाय, निम्मे फरशी पुसायला गेले. मेडलं खिडकीच्या गजाला लटकलीत. उपमा आणि केळं घरी मिळतं. पैसे जातात ते वेळेच्या एका आकड्यासाठी. त्याच्यासाठी बेळगावची माणसं पहाटे साडेचारला उठून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारतात, रविवारी राजहंसगडाचा चढ घेतात आणि मग कोल्हापूर, सातारा, हुबळी, गोवा गाठतात. कोल्हापूर इथून सुमारे 110 किलोमीटर. त्यात नियम काय, तर बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, आदल्या दिवशीच न्यायचा, रेसच्या दिवशी मिळणार नाही. म्हणजे एक तर लॉजचं भाडं भरा, नाही तर दोन दिवसांत दोन खेपा, 440 किलोमीटर गाडी. एवढं करून हातात एक आकडा येतो आणि तोच खोटा.

रूट मोजतं कोण? तर आयोजकांपैकी कुणाची तरी कार. कारचा मीटर शंभर मीटरच्या खाली बोलतच नाही. टायर झिजला, हवा कमी-जास्त झाली की त्याचं गणित बदलतं. दोन टक्क्यांची चूक त्याच्या खिजगणतीत नसते, पण 21 किलोमीटरचे दोन टक्के म्हणजे 420 मीटर. सहाच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं घेऊन, पळणाऱ्याला ही अडीच मिनिटं झाली. अडीच मिनिटं कमी करायला माणसाचं वर्ष जातं, इथं ती कुणाच्या तरी गाडीच्या टायरवर मिळतात. दुसरी पद्धत, गूगल मॅपवर रेघ ओढायची. रेघ रस्त्याच्या मधोमध जाते, पळणारा मात्र वळणाला आतून कापतो. तिसरी, कुणाचं तरी जीपीएस घड्याळ. घड्याळ ठिपके टाकतं आणि जोडत जातं. बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या झाडांखाली ते ठिपके रस्ता सोडून बंगल्यांच्या आवारात फिरून येतात, अंतर फुगतं. म्हणून तर नीट मोजलेल्या हाफवर घड्याळात 21.2, 21.3 दिसतं. आता उलटं गणित करा. फिनिशला दहा-बारा जणांच्या घड्याळात 20.6 असेल, तर खरा रूट त्याहूनही आखूड असायची शक्यता जास्त. आयोजकांचं उत्तर ठरलेलं: "जीपीएसमध्ये मागंपुढं होतंय की." होतं ना. पण सगळ्यांचं मागंच कसं होतं?

बरोबर मोजायची रीत माहीतच नाही म्हणावं तर तीही अवघड नाही. सायकल लागते. सायकल! पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर नावाचा छोटा मोजणारा बसवायचा. चाकाचा एक फेरा तो वीसहून जास्त भागांत मोजतो, म्हणजे एक आकडा सरकला की साधारण 9 सेंटिमीटर. आधी एखादा सरळ, सपाट रस्ता धरून स्टीलच्या टेपनं 300 मीटर आखायचे. 50 मीटरची टेप सहा वेळा, ताण दर वेळी सारखा, दोन्ही टोकांना डांबरात खिळा. त्या 300 मीटरवरून सायकल चार वेळा न्यायची, आकडे लिहायचे, सरासरी काढायची. तिला 1.001 नं गुणायचं, म्हणजे चूक झालीच तर अंतर जास्त भरेल, कमी नाही. हाफला ही भर जेमतेम 21 मीटर. मग रूटवर निघायचं. वळणाला कडेपासून 30 सेंटिमीटर ठेवून, पळणारा जितकं आतून जाऊ शकतो तितकं आतून. परत आल्यावर त्याच 300 मीटरवर पुन्हा चार फेऱ्या, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, चाक मोठं होतं आणि किलोमीटरला आकडे कमी पडतात. दोन माणसं, एक पहाट, एक टेप. स्टेजच्या फुलांना याहून जास्त पैसे जात असतील.

समजा, मोजलं नीट. तरी यू-टर्न आहेच वाट लावायला. आपल्याकडचे रूट बहुतेक जाऊन-येऊन. टोकाला रस्त्यात एक प्लास्टिकचा कोन आणि शेजारी खुर्चीवर कॉलेजचा एक पोरगा. कोन कुठं ठेवायचा ते त्याला फोनवर सांगितलेलं असतं, "त्या पेट्रोल पंपाच्या वाईच पुढं". साडेसातला ऊन तोंडावर येतं. पोरगा खुर्ची उचलून झाडाच्या सावलीत सरकतो आणि इमानदार बिचारा, कोनही बरोबर घेतो. पन्नास मीटर अलीकडं. जातानाचे पन्नास, येतानाचे पन्नास, त्याच्यानंतर वळलेल्या प्रत्येकाचे शंभर मीटर वाचले. एका रेसमध्ये दोन अंतरं झाली आणि निकाल लागणार एकाच यादीत. पोराला शिव्या देऊ नका, त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. डांबरावर ऑइलपेंटची रेघ मारा, शेजारच्या विजेच्या खांबाचा नंबर कागदावर लिहून त्याच्या खिशात घाला आणि त्याला एक छत्री द्या की!

अंतराचं हे असं, आता घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. कागदावर स्टार्ट 5:30. साडेपाचला स्टेजवर झुंबा जोरात. पावणेसहाला माइकवरून: "प्रमुख पाहुणे येऊलालेत, दहाच मिनिटं." मग पाहुणे, शाल, श्रीफळ, बुके, समई, वाऱ्यानं विझलेली वात, परत काडी, मग दोन शब्द म्हणून वीस मिनिटं. ज्यांना पळायचं नाही ते सगळे आरोग्यावर बोलतात. झेंडा सव्वासहाला. तोवर वॉर्मअप थंड झालेला, पंधरा मिनिटं आधी म्हणून खाल्लेला एनर्जी जेल वाया गेलेला आणि पुन्हा लघवीला लागलेली. संडास चार, रांग दोनशेची. कानडीत "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि", मराठीत "वाईच समजून घ्या की". एवढ्या एका बाबतीत सीमाभागात भाषेचा वाद नाही.

पाऊण तासानं काय बिघडतं, असं पाहुण्यांच्या गाडीतल्या माणसांना वाटत असेल. अडीच तासांत हाफ पुरी करणारी बाई धरा. साडेपाचला सुटली असती तर आठला आत. आता पावणेनऊ. डिसेंबर-जानेवारीत इथं सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे तासाभराच्या जागी पावणेदोन तास उन्हात. पोलिसांची परवानगी आठपर्यंतची असेल तर ती काही पाहुण्यांबरोबर पुढं सरकत नाही. आठच्या ठोक्याला बॅरिकेड बाजूला आणि मागच्यांच्या अंगावर टेंपो, बस, ऊस. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लजकडं रेसचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच असतो. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बाजूनं निघाला की पळायला रस्ता उरत नाही, साइडपट्टीवर उतरावं तर पायाखाली उसाची कांडकी आणि घोटा मुरगळला. पुढच्या पोरांना यातलं काही दिसत नाही, ती तोवर उपमा खात असतात. पाण्याची टेबलं पण आठलाच गुंडाळायला घेतात. राहिलंच तर ओआरएस. वीस लिटरच्या जारला लिटरची वीस पाकिटं लागतात, घालतात पाच. नारिंगी रंगाचं पाणी!

वेळ टिपणाऱ्या चिपच्या बाबतीत मात्र आपली पळणारी माणसंही कमी नाहीत. बिबच्या मागं ती चपटी पट्टी असते, तिच्या रेडिओ लहरी अंगातलं पाणी शोषून घेतं. म्हणून बिब छातीवर, सपाट, सगळ्या कपड्यांच्या वर लावायचा. लोक लावतात कसा? पिन पट्टीतूनच आरपार, बिबला दोन घड्या, वर विंडचीटर, नाही तर कमरेला फोनच्या पाऊचखाली. मग म्हणायचं, माझा टाइमच आला नाही. आयोजकांची तऱ्हा ही की चिप वाचणारी मॅट एकच, फिनिशला. स्टार्टला मॅट नाही म्हटल्यावर गर्दीत मागं उभ्या असलेल्याची मिनिट-दोन मिनिटं झेंडा हलल्यापासूनच गेली. बक्षिसाचा क्रम झेंड्यापासून धरतात हे मान्य, तो नियमच आहे. पण बाकीच्यांना त्यांची स्वतःची वेळ नको द्यायला? आणि यू-टर्नला मॅट नाही म्हटल्यावर मधनंच फिरून आलेला हिरो सरळ तुमच्या पुढं.

स्थानिक गटाचं बक्षीस म्हणजे नक्की कुणाचं, हेही कुणी लिहीत नाही. शिनोळीचा पोरगा बेळगावात शिकतो, बेळगावच्या क्लबबरोबर पळतो, पण घर चंदगड तालुक्यात, आधारवर महाराष्ट्र. पंधरा किलोमीटरवरच्या बेळगावात तो बाहेरचा आणि शंभरावर किलोमीटर लांबच्या कोल्हापुरात स्थानिक. जिल्हा, तालुका, का पिनकोड, एक ओळ टाका फॉर्मवर. टी-शर्टच्या साइजला सहा ओळी असतात.

आणि क्लबवाल्यांनो, बिबची अदलाबदल. "अमक्याकडं लग्न निघालंय, त्याचा बिब वाया जातोय, तू पळ." बावन्न वर्षांच्या काकांच्या बिबवर अठ्ठावीसचा पोरगा पळतो आणि पन्नासच्या वरच्या गटात पहिला येतो. वर्षभर घासलेला खरा पन्नाशीचा माणूस तिसऱ्याचा चौथा होतो. पोरगा स्टेजवर जात नाही, तेवढी लाज असते. पण यादीत काकांचं नाव राहतं, सर्टिफिकेट काकांच्या नावानं निघतं आणि पुढच्या वर्षी तेच दाखवून काका मोठ्या शहरातल्या रेसला पुढच्या गटात उभे राहतात आणि पहिल्या दोन किलोमीटरला सगळ्यांची वाट अडवतात. ते एक वेळ राहू द्या. बिबच्या मागं रक्तगट काकांचा, घरचा नंबर काकूंचा. सोळाव्या किलोमीटरला पोरगा चक्कर येऊन पडला तर फोन काकूंना, "तुमचे मिस्टर रस्त्यात पडलेत". मिस्टर शेजारी पंगतीत जिलेबी मोडत बसलेले. आणि पोराच्या घरच्यांना कुणी कळवायचं? आठवडाभर आधीपर्यंत शे-दोनशे रुपये घेऊन नाव बदलून द्या म्हटलं तर आयोजक म्हणतात, सिस्टीममध्ये तसं नाही. स्पॉन्सरचा लोगो आदल्या रात्री बदलायचा झाला तर सिस्टीममध्ये सगळं असतं.

नाव घालायच्या आधी फोन करून तीनच प्रश्न विचारायचे असतात. रूट कशानं मोजला, मॅट किती आणि कुठं, झेंडा पाहुण्यांच्या आधी का नंतर. पण क्लबात हे कुणी काढलं की ग्रुपवर लगेच, "आयोजक आपलीच माणसं आहेत, निगेटिव्ह बोलू नका." त्याच्याच वर सकाळचा फोटो असतो, "न्यू पीबी, सब टू!", म्हणजे स्वतःची आजवरची सर्वांत चांगली वेळ, तीही दोन तासांच्या आत. खाली चाळीस अभिनंदनं. फोटोच्या कोपऱ्यात मनगट दिसतं. ते बोटांनी मोठं करून बघा, 20.61.