शेरा: सबमॅक्सिमल

परवा मेलवर माझ्या फिटनेस टेस्टच्या रिपोर्टची पीडीएफ आली. चार पानं, रंगीत आलेख, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी एकच ओळ, 'एफर्ट सबमॅक्सिमल, रिपीट अॅडव्हाइज्ड'. म्हणजे आपल्या भाषेत, पोराने मनापासून केलं नाही, पुन्हा घेऊन या. सातवीत आमच्या वर्गशिक्षिकेने प्रगतीपुस्तकात लिहिलं होतं, 'हुशार आहे, पण मेहनत घेत नाही'. चौतीस वर्षांनी परत तोच शेरा, फक्त 'हुशार' तेवढं गाळलंय आणि या खेपेला साडेचार हजार मी भरलेत.

झालं काय, तर आमच्या सायकल ग्रुपला व्हीओटू मॅक्सची साथ आलीय. आधी सगळे किती किलोमीटर मारले ते सांगायचे, आता शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते सांगतात. एकाने ४८ आकडा टाकला, त्याखाली सत्तावीस अंगठे पडले. हा माणूस बोपदेव घाटात माझ्या मागे असतो, आणि मिसळीच्या टेबलावर मात्र पुढे. मग मला राहवेना, मीही टेस्टला नाव दिलं.

लॅबमध्ये गेल्या गेल्या वजन. कारण ऑक्सिजनच्या आकड्याला वजनाने भागतात, मिलिलिटर पर किलो पर मिनिट. म्हणजे फुफ्फुसं, हृदय, पाय सगळ्यांनी मिळून जे कमावलं ते शेवटी पोट भागाकारात बसून खातं. मी खिशातल्या किल्ल्या, मोबाईल, पाकीट सगळं काढून ठेवलं, घड्याळसुद्धा, तरी ८२ भरलं. मग सायकलवर बसवून छातीला पट्टा आणि तोंडावर रबरी मास्क. टेक्निशियन मुलीने मास्कचं भोक तळव्याने बंद करून "फुंका सर" म्हटलं, मी फुंकलं, गालाजवळ फुस्स आवाज आला. ती माझ्या मिशीकडे बघायला लागली. काही बोलली नाही, पण बघितलं. नुसता पट्टा आवळला.

आता मास्क चढला की बोलायचं नाही. बोललं की हवा गळणार, हवा गळली की आकडा बिघडणार. हे मला समजावून सांगितलं, काकांना कोणीच सांगितलं नाही.

काका म्हणजे पुढच्या नंबरवाल्या मुलीचे आजोबा. बाहेरच्या बाकावर जागा नव्हती म्हणून आत बसवलेले, नेमके मॉनिटरसमोर. वय पंचाहत्तरच्या पुढे, पांढरा सदरा, मांडीवर थर्मास. पहिली तीन मिनिटं ५० वॉटवर वॉर्मअप होतं, तेवढा वेळ त्यांनी मला पायापासून टाळूपर्यंत नीट तपासलं. मग म्हणाले,

"ही सायकल जाते कुठे?"

"काका, ही जागेवरच असते," टेक्निशियन म्हणाली.

"ते दिसतंय गं. मी म्हणतो, मग बसायचं कशाला?"

मी भुवया उंचावून हसल्यासारखं केलं, मास्कमध्ये ते रडल्यासारखं दिसलं असणार, कारण ते एकदम मऊ झाले. "अहो, वाईट वाटून घेऊ नका. आम्ही नारायण पेठेतून खडकीला जायचो रोज, अॅम्युनिशन फॅक्टरीत. भोंगा व्हायच्या आत गेटवर. हँडलला डबा, पावसाळ्यात डोक्यावर पिशवी. तेव्हा पुणं सायकलींचं गाव होतं, तेव्हा कोणी विचारलं नाही तुमचा प्राणवायू किती."

"आजोबा, गप्प बसा ना," नात म्हणाली.

"मी त्यांच्याशी बोलतोय. ते काही म्हणतायत का?"

मी काय म्हणणार! तोवर ७५ चे १००, १०० चे १२५ झाले होते. दर मिनिटाला २५ वॉट वाढतात, आणि मधे मधे ती मुलगी एक तक्ता समोर धरते, त्रास किती होतोय त्या आकड्यावर बोट ठेवायचं. मी १३ वर ठेवलं.

"तेरा? तेरा काय, वय का?"

"नाही काका, किती अवघड वाटतंय ते."

"कितीपैकी?"

"वीसपैकी."

"मग चांगलंय की, पास आहेत." जरा थांबून, तक्ता निरखून, "पण हे सहापासून का सुरू होतंय? एक ते पाच कुठं गेले?"

खरं सांगतो, हा प्रश्न मलाही पडला होता, आणि उत्तर घरी येऊन शोधलं, तेव्हा काका, वाचत असाल तर: गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ही पट्टी केली, ६ ते २०, आणि हिशोब असा की आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके यावेत. ६ म्हणजे ६०, आरामात पडलेला माणूस. २० म्हणजे २००, तो माणूसही थोड्या वेळाने पडलेलाच. एक ते पाच ठेवले असते तर पट्टी मेलेल्यांपासून सुरू झाली असती.

१५० ला घाम डोळ्यात गेला. खोलीत एकच पंखा, तो कॉम्प्युटरकडे तोंड करून. काका आता बोरघाटात पोचले होते. मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला ते मित्रांबरोबर घाटात जाऊन बसायचे, घाटात जो पहिला येईल तो घाटाचा राजा, आणि त्या राजाला कोणी मास्क लावला होता का, त्याच्या कानाशी कोणी "कम ऑन सर" ओरडत होतं का? (ती मुलगी खरंच ओरडत होती. ते तिचं कामच आहे, पण घरी माझ्यावर ओरडणाऱ्यांना पगार मिळत नाही हे मनात येऊन गेलं.)

२०० वॉट. बोट १७ वर. इथे या यंत्राची एक खोड सांगायला हवी. ब्रेक चुंबकीय असतो, आणि ठरलेले वॉट तो वसूल करणारच. तुम्ही पाय हळू केलेत की पेडल आपोआप जड होतं. म्हणजे दमलेल्या माणसाला आणखी दाबायचं, थेट सावकारी. मिनिटाला साठच्या खाली फेरे गेले की खेळ संपला. माझे चौसष्ट होते. मान खाली, दात आवळलेले, डोळ्यापुढे सिंहगडाचं शेवटचं वळण, आणि २२५ लागले. तेवढ्यात काका खुर्चीतून अर्धे उठले आणि अतिशय काळजीने म्हणाले,

"अगं ए मुली, त्यांचा डायनॅमो लागलाय बघ. म्हणून जड जातंय त्यांना."

ज्यांनी जुनी काळी सायकल चालवलीय त्यांना कळेल. रात्री दिव्यासाठी टायरला डायनॅमोची बाटली टेकवायची, की दिवा लागायचा आणि सायकल बैलासारखी अडायची. आणि गंमत म्हणजे काका तसे काही फार चुकले नव्हते, फिरत्या चाकाला चुंबकाने अडवायचं, हे यंत्र दुसरं काय करतं? पण हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी मला हसू आलं. मास्कच्या आत, सतराव्या त्रासात, नाकातून असं काही हसू फुटलं की गालाजवळून फुर्रर्र झालं, श्वास भलतीकडे, पाय भलतीकडे, स्क्रीनवर ५७, आणि यंत्राने बीप केलं.

"उतरताना स्टँड बघा हं," काका.

आता रिपोर्ट बघा. व्हीओटू ३२.४, शेरा 'सरासरी'. आरईआर १.०४. म्हणजे बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले आत वापरलेला ऑक्सिजन. जीव तोडून ढकललं की रक्तातलं आम्ल आवरता आवरता जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि हा आकडा १.१० च्या वर जातो, तेव्हा कुठे यांना पटतं की माणूस दमला. नाडी १६१, अपेक्षित १७४, कारण २२० वजा वय. ते सूत्र दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं हे सगळ्यांना माहितीय, तरी तक्त्यात ते ठळक छापतात. आणि 'टेस्ट थांबण्याचं कारण' या रकान्यात लिहिलंय 'स्वेच्छेने'. स्वेच्छेने! मी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केलेला माणूस आहे, साडेतेरा तासांची मुदत, तेरा तास दहा मिनिटांत आलो, शेवटचे चाळीस किलोमीटर समोरून वारा. तिथे कोणी नाकाला नळी लावली नव्हती म्हणून ते धरायचं नाही?

ज्या आर्चिबाल्ड हिलने विसाव्या शतकात, १९२० नंतर, हे ऑक्सिजनच्या कमाल मर्यादेचं सगळं प्रकरण मांडलं, तो स्वतः पाठीवर श्वासाची पिशवी बांधून गवतावर गोल गोल पळाला होता. त्याला १९२२ चं नोबेल होतं, स्नायूंमधल्या उष्णतेच्या कामाबद्दल. त्याच्या शेजारी थर्मासवाला कोणी बसला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

आणि एवढं मोजून करायचं काय, हाही प्रश्नच आहे. आमच्या रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या, पुढे भेळेची गाडी, त्याच्या पुढे ट्रॅकच संपतो, झाडात. तिथे ऑक्सिजन लागत नाही, तोंड लागतं.

बूट बदलत असताना नातीची टेस्ट सुरू झाली. पोरगी बालेवाडीला वेलोड्रोमवर प्रॅक्टिस करते, पहिल्या मिनिटापासून घड्याळासारखे पाय. आणि काका? एक अक्षर नाही. थर्मास छातीशी धरलेला, ओठ मिटलेले, आणि खुर्चीखाली त्यांचे दोन्ही पाय, चपलेसकट, तिच्या लयीत वरखाली चाललेले. २२५ तिने सहज ओलांडले तेव्हा माझ्याकडे वळून कुजबुजले, "हिचा डायनॅमो काढलाय वाटतं."

रिसेप्शनला फोन केला. रिपीटला सवलत नाही, पूर्ण फी. माझ्यामुळे नाही थांबलं म्हटलं, तर म्हणाली, "सर, रिपोर्टमध्ये तसं काही नाहीये." शनिवारी सकाळी साडेसातची वेळ घेतलीय. आतल्या खुर्चीत कोणी बसणार आहे का विचारलं, ते तिला सांगता येत नाही म्हणे. मिशी काढावी का यावर घरात दोन मतं आहेत, आणि नेहमीप्रमाणे त्यातलं एकच मोजलं जाणार आहे.