सर्व्हरला ठाऊक असते, तरी तो सांगत नाही

पत्ता बरोबर आहे, सर्व्हर चालू आहे, वॉर फाइल (जावा ॲप्लिकेशनचे बांधलेले गाठोडे) जागेवर आहे, आणि तरीही पडद्यावर ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही'. या आकड्याचा मला आता मनापासून संताप येतो. जावा वेब-ॲप्लिकेशनमध्ये त्यामागे अनेक कारणे असू शकतात: मागणी भलत्याच कॉन्टेक्स्टकडे (सर्व्हरवरच्या दुसऱ्याच ॲप्लिकेशनकडे) गेली असेल, कोणत्याच सर्व्हलेटशी, म्हणजे मागणीला उत्तर देणाऱ्या जावा-क्लासशी, जुळली नसेल, जुळली पण आतल्या फ्रेमवर्कला त्या पत्त्याचे काम करणारा कंट्रोलर सापडला नसेल, कंट्रोलर चालला पण पुढची जेएसपी (पानाचा साचा) मिळाली नसेल, किंवा ॲप्लिकेशनने स्वतःहूनच ४०४ पाठवला असेल. हे सगळे प्रसंग एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पण आमचा जावा-सर्व्हर टॉमकॅट जवळजवळ एकच पान पुढे करतो. मूळ सर्व्हरला या संसाधनाचे सध्याचे रूप सापडले नाही, किंवा ते अस्तित्वात आहे हे उघड करण्याची त्याची तयारी नाही, अशा अर्थाचे वाक्य त्यावर असते. ब्राउझरसमोर बसलेल्या परक्या माणसाला एवढेच सांगणे योग्यही असेल. पण मी परका नाही. मी त्याच यंत्रावर लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडून बसलेला, ते ॲप्लिकेशन सांभाळण्याची जबाबदारी असलेला माणूस आहे, आणि लॉगमध्येही मला कारणाचा एक शब्द मिळत नाही.

इंदूरमध्ये आमचे छोटेसे ऑफिस आहे आणि मराठी सभासदांच्या एका पतसंस्थेचे ठेव-पावतीचे ॲप्लिकेशन आम्ही नुकतेच सांभाळायला घेतले. ते आधी ज्यांनी बांधले, त्यांनी सोपवताना एक वॉर फाइल आणि सोर्सचा एक फोल्डर दिला. कोणता पत्ता कोणत्या सर्व्हलेटकडे जातो याचा, म्हणजे मॅपिंगचा, कागद दिला नाही. नव्या सर्व्हरवर हलवल्यानंतर ऐन महिनाअखेरीस पावतीचे पान उघडेना. रामबागेतून व्यवस्थापक काकांचे फोन येत होते. "अहो, लोकं सकाळपासून रांगेत उभी आहेत, मी त्यांना काय सांगू? कालपर्यंत तर चालत होतं!" त्यांचा प्रश्न रास्त होता. रांगेत बहुतेक निवृत्त मंडळी होती, ठेवीच्या व्याजावर ज्यांचे घर चालते अशी. त्यांना "मॅपिंग जुळत नाही" असे सांगून काय उपयोग?

ॲप्लिकेशनची मॅपिंग ज्या फाइलीत लिहितात ते वेब.एक्सएमएल उघडले तेव्हा दिसले की पावतीच्या सर्व्हलेटचा यूआरएल-पॅटर्न (त्याच्याकडे यायच्या पत्त्यांचा नमुना) "/पावती*" असा लिहिलेला आहे. कोणीही वाचले तरी वाटेल की पावतीने सुरू होणारे सगळे पत्ते इथे येतील. तसे अजिबात होत नाही. सर्व्हलेटच्या प्रमाणकानुसार स्लॅशने सुरू होऊन स्लॅश-स्टारने संपणारा पॅटर्न तेवढा उपसर्ग मानला जातो, स्टार आणि टिंबाने सुरू होणारा पॅटर्न फाइलच्या विस्तारासाठी असतो, आणि मोजके अपवाद सोडले तर बाकी सारे शब्दशः जुळवले जाते. म्हणजे "/पावती/*" हा पॅटर्न "/पावती" पासून त्याखालच्या प्रत्येक पत्त्यापर्यंत सर्व पकडतो, आणि "/पावती*" हा केवळ अशाच पत्त्याशी जुळतो ज्याच्या शेवटी खरोखर तारा टाइप केलेला आहे. जगातला कोणता माणूस असा पत्ता टाइप करणार आहे? टॉमकॅटला या पॅटर्नचा संशय येतो, हे मी मान्य करतो. सुरू होताना तो पॅटर्न संशयास्पद असल्याची एक ओळ लॉगमध्ये टाकतो. पण ती ओळ साध्या माहितीच्या पातळीवर असते आणि सुरू होतानाच्या शेकडो ओळींच्या गर्दीत बुडून जाते. पुढचा स्लॅश गाळला तर हाच टॉमकॅट ॲप्लिकेशन सुरू करायलाच नकार देतो. तिथे एवढा कडक, आणि इथे, जिथे लिहिणाऱ्याचा हेतू दुसराच होता हे उघड दिसते, तिथे मवाळ. हा भेद मला कधीच पटलेला नाही.

जुन्या सर्व्हरवर मग हे चालत कसे होते? कारण आधीच्या मंडळींनी मुख्य सर्व्हलेट "/*" वर बसवला होता, आणि पावतीच्या मागण्या तो गिळून आपल्या परीने भागवत होता. हा "/*" म्हणजे या सगळ्या प्रकरणातली सर्वांत घातक जोडी आहे. सर्व्हर आधी तंतोतंत जुळणारा पॅटर्न शोधतो, मग सर्वांत लांब उपसर्ग, मग विस्तार, आणि काहीच न जुळल्यास शेवटी "/" वर बसलेल्या, साध्या फाइली देणाऱ्या डीफॉल्ट सर्व्हलेटकडे जातो. "/*" हा उपसर्ग असल्यामुळे तो जेएसपीच्या विस्तारालाही मागे टाकतो. तुमच्या सर्व्हलेटने काम संपवून मागणी एखाद्या जेएसपीकडे फॉरवर्ड केली, की ती जेएसपीकडे जाण्याऐवजी पुन्हा त्याच सर्व्हलेटकडे येते. मग एक तर तो स्वतःलाच बोलावत स्टॅक संपेपर्यंत फिरत राहतो, किंवा आत फ्रेमवर्क असेल तर "असा पत्ता नाही" म्हणून पुन्हा ४०४ देतो. फाइल डिस्कवर आहे, तिचे नाव बरोबर आहे, परवानग्या बरोबर आहेत, आणि ती सापडत नाही असे उत्तर येते! ते टाळायला "/" लिहावे, तर डीफॉल्ट सर्व्हलेटची जागा जाते आणि सीएसएस, चित्रे, स्क्रिप्ट या साऱ्या मागण्या तुमच्या अंगावर येतात. एका ताऱ्याच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो आणि पॅटर्नकडे पाहून तो कुणालाही कळणार नाही.

त्यात फिल्टरसाठी, म्हणजे मागणी सर्व्हलेटकडे जाण्याआधी वाटेत चालणाऱ्या कोडसाठी, तोच "/*" पूर्णपणे योग्य आहे. फिल्टर जुळतील तेवढे सगळे एकामागून एक चालतात, सर्व्हलेट मात्र एकच निवडला जातो. म्हणून तेच अक्षर एकीकडे निरुपद्रवी आणि दुसरीकडे सत्यानाश करणारे. फिल्टरच्या चार ओळी उचलून सर्व्हलेटच्या जागी चिकटवणाऱ्यांनी किती ॲप्लिकेशने अशी बिघडवून ठेवली असतील!

आमच्या बाबतीत आणखी एक थर निघाला, आणि त्याचा राग सर्वांत जास्त आहे. २०२० च्या अखेरीस जकार्ता ईई ९ (सर्व्हलेट ज्यात येतात त्या जावा-प्रमाणकांचा संच) आले तेव्हा सर्व्हलेटच्या पॅकेजचे नाव जावाएक्सवरून जकार्ता झाले, आणि टॉमकॅट १० पासून सर्व्हर फक्त नवे नाव ओळखतो. जुना कोड बदलावा लागणार, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या सर्व्हलेटचा पत्ता जुन्या नावाच्या ॲनोटेशनने (कोडमध्येच क्लासवर लिहिलेल्या खुणेने) दिला आहे, तो नव्या सर्व्हरवर नोंदवलाच जात नाही आणि त्याबद्दल चकार शब्द निघत नाही. सर्व्हर क्लास फाइल तपासतो, त्यावरची खूण त्याच्या ओळखीची नसते, तो पुढे जातो. त्याच जुन्या क्लासचे नाव वेब.एक्सएमएलमध्ये असते तर पहिल्याच मागणीला ५०० (सर्व्हरमधल्या बिघाडाचा आकडा) आणि क्लास सापडत नसल्याची तक्रार मिळाली असती. ती अर्ध्या तासात निस्तरता आली असती. ॲनोटेशनवाल्याला मिळते ते शांत, स्वच्छ ४०४. मुख्य सर्व्हलेट "/*" वरून हलवला तेव्हा कुठे कळले की त्याच्यामागचे निम्मे सर्व्हलेट अस्तित्वातच नव्हते.

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कॅश साफ करा. वर्क फोल्डर उडवा. रीस्टार्ट करून पाहा. ज्याने प्रश्न ऐकूनही घेतलेला नाही तो पहिल्यांदा रीस्टार्ट सुचवतो. वर्क फोल्डरमध्ये भाषांतरित जेएसपी असतात. न जुळणारा पॅटर्न तो उडवल्याने जुळत नाही, आणि रीस्टार्टच्या वेळात रांगेतली माणसे आणखी खोळंबतात. टॉमकॅटच्या पुढे मागण्या घेऊन आत पोहोचवणारा एनजिनएक्स सर्व्हर असेल तर त्याच्या प्रॉक्सी-पास या सूचनेतल्या पत्त्याअखेरचा एक स्लॅश ठेवला की गाळला, यावर सर्व्हरपर्यंत पोहोचणारा पत्ताच बदलतो. तेही तपासावे लागते, तेही आपणच.

या सगळ्याची खरी चीड वेगळ्याच कारणाने येते: ही माहिती सर्व्हरकडे असते. सर्व्हलेट ३.० मध्ये, म्हणजे २००९ पासून, सर्व्हलेट कॉन्टेक्स्टला नोंदवलेल्या सर्व सर्व्हलेटांची यादी आणि प्रत्येकाचे पॅटर्न विचारता येतात. २०१७ च्या सर्व्हलेट ४.० पासून खुद्द मागणीलाच विचारता येते की तू कोणत्या सर्व्हलेटशी, कोणत्या पॅटर्नने आणि कोणत्या नियमाने जुळलीस, तंतोतंत, उपसर्गाने, विस्ताराने की डीफॉल्ट म्हणून. म्हणजे ४०४ चे पान तयार होत असतानाच सर्व्हरला पक्के ठाऊक असते की ही मागणी कोणत्याच सर्व्हलेटने घेतली नाही, म्हणून ती डीफॉल्टकडे गेली आणि तिथे त्या नावाची फाइल मिळाली नाही. एवढे एक वाक्य लॉगमध्ये आले असते तर त्या सकाळची रांग तासाभरात पांगली असती.

आम्ही शेवटी एक लिसनर, म्हणजे अशा घटनांवर आपोआप चालणारा कोड, लिहिला, जो ॲप्लिकेशन सुरू होताच सगळे सर्व्हलेट आणि त्यांचे पॅटर्न लॉगमध्ये छापतो, आणि एक फिल्टर लिहिला, जो प्रत्येक ४०४ सोबत जुळलेल्या सर्व्हलेटचे नाव आणि नियम नोंदवतो. दोन्ही मिळून कोड एका पानात मावतो. पावतीचे पान त्याच्याच जोरावर उभे राहिले. पण हे काम प्रत्येक शहरातल्या प्रत्येक छोट्या ऑफिसने स्वतंत्रपणे का करावे? कॉन्फिगरेशनमध्ये एक खूण केली की मॅपिंगची पूर्ण यादी लॉगमध्ये उमटेल, एवढी सोय सर्व्हरसोबतच यायला हवी, आणि "/पावती*" सारखा पॅटर्न दिसला तर ॲप्लिकेशन सुरूच होऊ नये. जो कंत्राटदार ॲप्लिकेशन सोपवतो त्याच्याकडून ही यादी लेखी घेतल्याशिवाय आम्ही यापुढे कोणतेही काम ताब्यात घेणार नाही. आधीच्या मंडळींना ती मागितली तेव्हा "आमच्याकडे तर चालत होतं" एवढेच उत्तर आले, आणि त्यानंतर त्यांनी फोन उचललेला नाही.